चेन आडनावाचं गाव : ह्वायांगची जत्रा, एक कुंभार आणि आमचे अंकल

सिंगापुरात राहायचं आणि टॅन आडनावाचा माणूस भेटला नाही असा दिवस काढायचा, हे अवघड आहे. दाताचा डॉक्टर टॅन, बँकेतली बाई टॅन, मुलीच्या वर्गात टॅनच टॅन. हाँगकाँगला गेलं की हेच लोक चॅन होतात, व्हिएतनाममध्ये त्रान आणि चीनमध्ये चेन. लिहायचं अक्षर तेच, फक्त बोली बदलते. सिंगापूर, हाँगकाँग आणि तैवान तिन्हीकडे सगळ्यात जास्त आढळणारं चिनी आडनाव हेच. चीनमध्ये वांग, ली, झांग आणि लिऊ यांच्या मागोमाग पाचवं. (चॅन म्हटलं की जॅकी आठवतो, पण त्याच्या घराण्याचं मूळ आडनाव फांग. वडिलांनी बदलून घेतलं.)

आमच्या शेजारचे अंकल टॅन. बंदरातल्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. चेन लोकांचं मूळ गाव हेनान प्रांतातलं ह्वायांग, आणि तिथली जत्रा एकदा बघायची, हे त्यांच्या डोक्यात कधीचं होतं. "तुम्ही दोघं चला, म्हणजे ही माझ्याशी भांडणार नाही," असं म्हणून त्यांनी आम्हाला ओढलं. ही म्हणजे ऑंटी. त्यांचं आडनाव लिम. चिनी बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे ऑंटींचा पवित्रा पहिल्यापासून पाहुण्याचा: "तुझ्या पूर्वजांकडे चाललोय, खर्च तुझा."

व्हिसाचं आधी सांगून टाकते. सिंगापूरच्या पासपोर्टला २०२४ पासून तीस दिवस व्हिसा लागत नाही, भारतीय पासपोर्टला लागतो. आमच्या दोघांचा काढावा लागला, अंकल-ऑंटी नुसत्या बॅगा घेऊन निघाले.

पहिला दिवस : झेंगझोऊहून ह्वायांग

झेंगझोऊहून झोऊकोऊ पूर्व स्थानकापर्यंत वेगवान रेल्वे आणि पुढे टॅक्सी. खिडकीबाहेर डोंगर नाही, टेकडी नाही, नजर जाईल तिथवर गहू. मध्येच मोहरीचा पिवळा पट्टा आणि शेताच्या मधोमध मातीचे उंचवटे. ती थडगी. ज्याच्या त्याच्या शेतात ज्याचे त्याचे पूर्वज. एप्रिलमध्ये इथे पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडतो. तो नाकात जाऊन नवऱ्याला जे शिंकायला लागलं ते परत येईपर्यंत. ॲलर्जी असेल त्यांनी मास्क ठेवा.

झोऊकोऊला हू-ला-थांग प्यायलो. मिरीचं झणझणीत, दाट, तपकिरी सूप. त्यात गव्हाच्या पिठातला चिवट भाग, सुक्या लिलीच्या कळ्या, काळी अळंबी आणि मटणाचे तुकडे. याच भागातलं श्याओयाओ हे गाव या सूपसाठी नावाजलेलं आहे. घसा धरला असेल तर दोन घोटांत सुटतो. नवरा शाकाहारी, त्याची गाडी तळलेल्या लांबड्या 'यौथ्याव'वर आणि सोयाच्या दुधावर. शाकाहारी मंडळींनी 'वो छ सू' (मी शाकाहारी खातो) हे तीन शब्द पाठ करावेत, पण तेवढ्यावर विसंबू नये. रस्सा मांसाचा असला तरी वर तुकडे दिसत नाहीत म्हणून तो 'सू' धरणारे लोक भेटतात.

मुक्कामाच्या बाबतीत मात्र घोळ झाला. आगाऊ ठरवलेल्या हॉटेलातल्या मुलीने आमचे पासपोर्ट उलटसुलट करून पाहिले आणि परदेशी माणसाची नोंद करता येत नाही म्हणून हात वर केले. जत्रेचे दिवस, गाव भरलेलं. शेवटी अंकलनी आपल्या मोडक्यातोडक्या मँडरिनमध्ये "मी चेन आहे, घरी आलोय" असं सांगायला सुरुवात केली. त्याने काम झालं असं म्हणणार नाही, पण बाजूच्या दुकानदाराने तीन फोन करून दुसरीकडे खोल्या मिळवून दिल्या. तुम्ही जाणार असाल तर निघण्याआधी फोन करून परदेशी पासपोर्ट चालतो का, हे विचारून घ्या.

दुसरा दिवस : फूशीच्या दारात

ह्वायांग एका मोठ्या तळ्यात बसलेलं गाव आहे. चारी बाजूंना पाणी, लव्हाळ्याची बेटं, आणि उत्तरेला ताइहाओ फूशीची समाधी. फूशी म्हणजे चिनी पुराणातला आदिराजा. मासे धरायचं जाळं त्याने शिकवलं, आठ रेषाचिन्हांचं शकुनशास्त्र त्याचं, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे माणसांना आडनावं देऊन लग्नाचे नियम घालून दिले तेही त्यानेच, अशी श्रद्धा. त्याचं स्वतःचं आडनाव फंग, म्हणजे वारा. यातलं काहीच इतिहास नाही, हे तिथल्या माहितीफलकांना ठाऊक आहे आणि गर्दीला त्याचं काही पडलेलं नाही.

जत्रा चांद्र पंचांगाच्या दुसऱ्या महिन्याच्या द्वितीयेपासून तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेपर्यंत, पुरा महिनाभर. २००८ मध्ये एका दिवसात इथे आठ लाखांवर माणसं आली होती आणि त्याची गिनीज बुकात नोंद आहे. आम्ही शेवटच्या दिवसांत गेलो तरी दरवाजापासून मुख्य मंदिरापर्यंत चालणं म्हणजे ढकलत जाणंच होतं. जेजुरीला भंडाऱ्याने माणूस माखतो तसा इथे उदबत्तीच्या धुराने. आणि उदबत्त्या कसल्या, हाताएवढ्या लांब जुड्याच्या जुड्या थेट आगीत भिरकावतात. सिंथेटिक जॅकेट घालून जाऊ नका. माझ्या बाहीला भोक पडलं.

मागच्या देवळाच्या कोपऱ्यात पायाच्या एका दगडाला गोल भोक आहे. मूल हवं असलेल्या बायका त्यात बोट घालतात. शतकानुशतकांच्या बोटांनी त्याची कड साबणासारखी गुळगुळीत झाली आहे. ऑंटींनी आपल्या लेकीच्या नावाने बोट घातलं, मग जरा विचार करून सुनेच्या नावानेही.

बाहेर मातीची खेळणी विकायला बसलेल्यांची रांग. यांना 'नीनीगौ' म्हणतात, म्हणजे मातीचे कुत्रे, पण त्यात कुत्रे कमीच. माणसाच्या तोंडाचं माकड, दोन डोक्यांचा वाघ, पोटात पिल्लू घेतलेलं कासव. सगळी आधी काळी रंगवतात, मग त्यावर लाल, पिवळे, पांढरे, हिरवे ठिपके आणि रेघा. एक आजीबाई ज्वारीच्या ताटाचा तुकडा रंगात बुडवून ठिपके देत होत्या. एक ठिपका, अर्धं वळण, पुढचा ठिपका. मान वर नाही. प्रत्येकाला फुंकायचं भोक असतं. मी एक उचलून फुंकलं तर आजी हसून म्हणाल्या (अंकलच्या दुभाषेपणाचा भरवसा धरायचा तर), "फुंकलंस, आता घ्यावंच लागेल." घेतलं. विमानात हातातल्या सामानातच ठेवा, भाजलेली नसल्याने माती ठिसूळ असते.

दुपारी काळे कपडे घातलेल्या बायकांचा एक घोळका मोकळ्या जागेत नाचायला लागला. खांद्यावर बांबूची कावड, तिला फुलांच्या परड्या, आणि डोक्याला बांधलेल्या काळ्या वस्त्राचे पदर पाठीवर लांब सोडलेले. एकमेकींच्या पाठीला पाठ लावून जाताना ते पदर मुद्दाम एकमेकांत गुंततात. फूशी आणि त्याची जोडीदारीण नुवा यांचं अर्धं शरीर सापाचं, शेपट्या एकमेकींत वेटाळलेल्या, त्याची ही नक्कल. हा नाच फक्त बायकांचा, बाईने बाईला शिकवायचा.

मला हे बघताना दुसरीच गोष्ट आठवत होती. चीनच्या सगळ्यात जुन्या गीतसंग्रहात याच भागातल्या जुन्या चेन राज्याची दहा गाणी आहेत. पहिल्याच गाण्यात कुणीतरी टेकाडाखाली ढोल वाजवत, हातात बगळ्याची पिसं घेऊन, हिवाळा नाही उन्हाळा नाही, नाचतंय. हान काळातले (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे) इतिहासकार याचं कारण देतात ते मजेदार आहे: चेनच्या पहिल्या राजाला तेव्हाच्या झोऊ घराण्यातल्या राजाची थोरली लेक दिली होती, तिला मूल नव्हतं आणि तिला देवर्षी, अंगात येणाऱ्या बाया, ढोल-नाच यांचा फार नाद. राणीचं बघून प्रजा नाचायला लागली. कारण खरं असो नसो, तीन हजार वर्षांनंतर त्याच गावात बायका मूल मागायला येतात आणि नाचतात.

थडग्याच्या उंचवट्यामागे एका कुंपणात शकुनाच्या काड्यांची वनस्पती लावलेली आहे. एरवी कुणी वळूनही बघणार नाही असं गवत. पण चेन राजपुत्र वान जन्मला तेव्हा याच काड्या मांडून एका पाहुण्या ज्योतिषाने सांगितलं होतं, म्हणतात, की याचा वंश राज्य करील, पण इथे नाही, परक्या मुलखात. इ.स.पू. ६७२ मध्ये वान खरोखरच पळून पूर्वेच्या छी राज्यात गेला. तिथे त्याच्या घराण्याला त्यान म्हणू लागले, आणि इ.स.पू. ३८६ मध्ये त्यांनी छीची गादीच बळकावली. तोवर मूळ चेन राज्य छू राज्याने गिळून शंभर वर्षं होत आली होती. भविष्य बहुधा निकाल लागल्यावर लिहिलं गेलं असावं, हे माझं मत. अंकलना ते आवडलं नाही.

तिसरा दिवस : पहिला चेन

आज खरं काम. फूशी सगळ्यांचा, पण चेन लोकांचा मूळपुरुष हू-कुंग. त्याची समाधी तळ्याच्या काठी आहे. शवपेटी लोखंडाने मढवून पुरली अशी कथा, म्हणून गावात तिला 'लोखंडी थडगं' म्हणतात. ताइहाओच्या गर्दीनंतर इथे चिटपाखरू नव्हतं. आम्ही, च्यांगशी प्रांतातून आलेलं एक चेन कुटुंब, आणि देखभाल करणारे एक काका.

कथा अशी. इ.स.पू. १०४६ च्या आसपास झोऊ लोकांनी शांग घराणं उलथवलं. नव्या राजाने, वूने, जुन्या पुण्यश्लोक राजांचे वंशज शोधून त्यांना जहागिरी दिल्या. आदर्श राजा शुन याचा वंशज म्हणून क्वेइ मान नावाच्या माणसाला, म्हणजेच हू-कुंगला, चेन हा मुलूख मिळाला, आणि वर राजकन्याही. राज्याच्या नावावरून पुढे वंशजांचं आडनाव चेन. त्या काळी कुळ वेगळं आणि घराणं वेगळं असे. कूळ लग्नासाठी, म्हणजे एका कुळात सोयरीक नाही, आणि घराणं मानपानासाठी. पुरुष घराण्याने ओळखला जाई, बाई माहेरच्या कुळाने. म्हणून चेनच्या लेकी इतिहासात 'क्वेइ' म्हणून येतात. त्यातली शी-क्वेइ फार देखणी. छूच्या राजाने तिच्यापायी तिच्या नवऱ्याचं राज्य बुडवून तिला नेलं. तिने त्याला दोन मुलगे दिले पण त्याच्याशी आपणहून एक शब्द बोलली नाही. ऑंटींना सगळ्या सहलीत आवडलेली एकमेव चेन ती.

पण मला या कथेत शुनपेक्षा मानचा बाप जास्त आवडला. इ.स.पू. ५४८ मध्ये झेंग राज्याचा मंत्री झ-चान याने एका राजनैतिक वादात जिन राज्याच्या लोकांना चेनचं मूळ ऐकवलं, ते जुन्या बखरीत नोंदलेलं आहे. तो म्हणतो, चेनचा पूर्वज अ-फू हा आमच्या झोऊ राजाचा कुंभारकामाचा अधिकारी होता. त्याची भांडी उपयोगी पडली आणि तो थोरांच्या वंशातला होता, म्हणून राजाने त्याच्या मुलाला मुलगी आणि मुलूख दिला. शुन धुक्यात आहे. कुंभारखात्याचा प्रमुख मात्र हाताला लागतो. तैवानपासून सिंगापूरपर्यंतच्या कोट्यवधी चेन-चॅन-टॅन मंडळींच्या मुळाशी चांगली मडकी करवून घेणारा एक सरकारी नोकर आहे. हे मी अंकलना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग बंदर प्राधिकरणात मी ठीकच होतो."

अंकलनी उदबत्ती लावली, तीनदा वाकले. मग काकांनी सवयीने विचारलं, तुमची शाखा कुठली? फूजियान या आग्नेय चीनमधल्या प्रांतातल्या बहुतेक चेन लोकांना उत्तर तयार असतं: तांग काळात हेनानहून फौज घेऊन गेलेला चेन युआनक्वांग, ज्याने ६८६ साली तिथलं झांगझोऊ वसवलं. सिंगापुरातलं टॅन मंडळींचं जुनं देऊळ त्याचंच आहे. अंकल थोडे थांबले आणि आमच्यादेखत पहिल्यांदाच बोलले, "माझे आजोबा जन्माने टॅन नव्हतेच. टॅनांच्या घरात मुलगा नव्हता, त्यांनी पाच वर्षांचा पोर विकत घेतला. तो ओंगांचा होता."

ऑंटींनासुद्धा हे ठाऊक होतं की नाही, मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. आपल्याकडे दत्तक गेलेल्याचं गोत्र विधीने बदलतं आणि विषय संपतो. अंकलचा मात्र संपलेला नव्हता, हे दिसत होतं.

काकांनी डोळ्याची पापणी लववली नाही. ओंग म्हणजे वांग ना? मग झालं की! छीचं त्यान घराणं बुडालं तेव्हा त्यांच्यातल्या काहींना लोक 'राजाचे' म्हणजे वांग म्हणू लागले. इ.स. ९ मध्ये गादी बळकावणारा वांग मांग स्वतःला त्यांच्यातलाच म्हणवत होता. त्याने तर याओ, क्वेइ, चेन, त्यान आणि वांग ही पाच आडनावं एकाच रक्ताची म्हणून जाहीर केली होती. "तुम्ही चेनकडून वांगकडे गेलात, वांगकडून चेनकडे परत आलात. या, बसा."

अंकल हसले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी तिथे काही बोलले नाही, पण काकांचा धागा बराच ताणलेला आहे. फूजियानमधले बहुतेक वांग आपली मुळं दुसऱ्याच घराण्यांकडे नेतात. उलट, चेनमध्ये बाहेरून आलेलेही कमी नाहीत. पाचव्या शतकाच्या शेवटी उत्तर वेइ घराण्याच्या सम्राटाने आपल्या भटक्या श्येनपेइ सरदारांना चिनी आडनावं घ्यायला लावली, तेव्हा होउमोचेन नावाचं अख्खं कूळ एका हुकमात चेन झालं. म्हणजे या झाडाला मुळं जितकी, तितकीच कलमं. काकांचं अगत्य इतिहासापेक्षा बरं.

च्यांगशीचं कुटुंब जेवायला बरोबर आलं. त्यांच्याकडचे चेन पंधरा पिढ्या एकत्र राहिले, हजारो माणसं एका चुलीवर, आणि १०६२ मध्ये सम्राटानेच हुकूम काढून त्यांना वाटण्या करायला लावल्या. घरच्या शंभर कुत्र्यांतलं एक आलं नाही तर बाकीची नव्व्याण्णव तोंड लावत नसत, हे त्यांच्या सात-आठ वर्षांच्या मुलाने फार गंभीरपणे सांगितलं.

जेवणात फू-छाय, म्हणजे तळ्यातल्या पाणकणसाचे कोवळे कोंब. पांढरे, कुरकुरीत, काकडीच्या जवळ जाणारी चव, नुसत्या लसणावर परतलेले. कन्फ्यूशियस चेन आणि छाय या राज्यांच्या सीमेवर सात दिवस अन्नावाचून अडकला होता, तेव्हा शिष्यांनी हेच उपटून खाल्लं अशी गावची कथा. उपाशीपोटी तो वाद्य वाजवत गात राहिला, म्हणून तळ्याकाठी त्याचं एक स्मारकही आहे. शाकाहारी माणसाला पोटभर जेवायला मिळालं ते याच थाळीत.

वेळ असेल तर फिंगल्यांगथाय चुकवू नका. गावाबाहेर चार हजार वर्षांहून जुन्या चौकोनी तटबंदीच्या नगराचे अवशेष आहेत. तिथे दरवाजाखालून पाणी बाहेर काढायला भाजक्या मातीचे नळ घातले होते, एकाचं निमुळतं तोंड दुसऱ्यात बसवलेलं. अ-फूच्या कितीतरी आधी इथले कुंभार कामात पक्के होते.

चौथा दिवस : यानशी, आणि पुलकेशीचा पाहुणा

परतीच्या वाटेवर माझा हट्ट. ल्वोयांगजवळच्या यानशीत ह्युएन त्संगचं जन्मगाव आहे, आणि तो चेन होता. संन्यासाआधीचं नाव चेन यी. त्याचं घराणं हान काळातल्या चेन श या न्यायी अधिकाऱ्याकडे मूळ नेतं. या चेन शची एक गोष्ट चीनमध्ये पोरासोरांना ठाऊक असते. रात्री घरात चोर शिरून आढ्यावर लपला. चेन शने ते पाहिलं, पण आरडाओरडा न करता मुलांना उठवून उपदेश सुरू केला की माणूस जन्मतः वाईट नसतो, सवयीने बिघडतो, उदाहरणार्थ आढ्यावरचे ते सद्गृहस्थ. चोर ओशाळून खाली उतरला.

जन्मगावातलं घर नव्याने बांधलेलं, कोरडंच वाटलं. पण अंकलना मी जे सांगितलं त्याने दुपार रंगली. हा चेनांचा मुलगा इ.स. ६४१ च्या सुमारास आमच्या महाराष्ट्रात आला होता. राजा पुलकेशी, ज्याला हर्षही नमवू शकला नाही. ह्युएन त्संगने लिहून ठेवलंय की इथले लोक मानी आणि लढवय्ये, उपकार विसरत नाहीत, अपमान झाला तर जिवावर उदार होऊन सूड घेतात, पण सूड घेण्याआधी शत्रूला कळवतात. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बायकी कपडे पाठवतात.

अंकल नवऱ्याकडे बघून म्हणाले, "सूडाआधी कळवता? मग पार्किंगच्या भांडणात तू मला का नाही कळवलंस?" नवरा शिंकत होता.

संध्याकाळी ल्वोयांगला बू-फान-थांग खाल्लं. आंबट-तिखट रश्शात मुगाच्या पिठाचे पातळ धिरड्यासारखे तुकडे. इथेही रस्सा कशाचा ते विचारून घ्या. यानशीत अर्लितोऊ या कांस्ययुगीन नगराचं मोठं संग्रहालय २०१९ मध्ये उघडलंय, त्याला अर्धा दिवस वेगळा ठेवा. आम्हाला तासभरच मिळाला. पैसे सगळीकडे अलीपेने दिले, भारतीय किंवा सिंगापूरचं कार्ड निघण्याआधी घरूनच जोडून घ्या. गूगलचे नकाशे चालत नाहीत.

ऑंटींनी जेवतानाच फर्मान काढलं. लिम म्हणजे लिन, आणि लिन लोकांचा मूळपुरुष पी-कान, शांगच्या शेवटच्या राजाचा काका. खरं बोलला म्हणून पुतण्याने त्याचं काळीज काढून घेतलं. गरोदर बायको रानात पळाली, तिथे मुलगा झाला, आणि पुढे वू राजाने त्या मुलाला रानाचं नाव दिलं: लिन. समाधी हेनानमध्येच वेइहुईला, चौथ्या चांद्र महिन्याच्या चतुर्थीला मोठा उत्सव असतो. शिन्श्यांगपर्यंत वेगवान रेल्वे, पुढे तासाभराच्या आत. "पुढच्या वर्षी," ऑंटी म्हणाल्या, "आणि माझ्या आजोबांना कुणी विकत घेतलं नव्हतं." अंकलनी निमूटपणे बिल मागवलं.